म्हातारी नवमीनंतर का पडते

शनिवार, ४ ऑक्टोबर

म्हातारी आज परत पडली. काल एकदा, आज दोनदा. उपाशीपोटी साखर तपासायला आलेल्यांची लाईन पार जिन्यापर्यंत, आणि हिने नेमके तेव्हाच डोळे पांढरे केले. म्हातारी म्हणजे आमचा सर्व्हर, दुसरं कोण! लॅबचे रिपोर्ट, डायलिसिसचं वेळापत्रक, पेशंटची वजनं, सगळा संसार हिच्याच अंगावर.

काळा स्क्रीन, पांढरी अक्षरं, शेवटच्या ओळीत ‘कर्नल पॅनिक’. कर्नल म्हणजे मशीनचा गाभा, बाकीचे सगळे प्रोग्रॅम त्याच्या जिवावर. तोच हात वर करतो म्हटल्यावर बोंबला! रिस्टार्ट केलं की शहाण्यासारखी उठते. तोपर्यंत काउंटरवरच्या पोरी शिव्या खातात.

गावकर मामांनी निभावलं. आमचे अटेंडंट. म्हाताऱ्याकोताऱ्यांना पंख्याखाली बसवलं, एकाला चक्कर आली त्याला ग्लुकोजचं बिस्कीट दिलं. मग आत येऊन हळूच, “ताई, ती परत बसली काय?”

“बसली नाही मामा, आडवी झाली.”

हसले नाहीत. एरवी हसतात.

रवि. ५

लॅब बंद. म्हातारीला उघडलं. मामा कुलूप उघडायला आले ते तिथेच थांबले.

बाहेरच्या जाळीवर हळदीकुंकू. ते होतंच, खंडेनवमीचं. आपल्याकडे त्या दिवशी सगळी यंत्रं बंद करतात, पुसतात, झेंडूची माळ घालतात, आणि मामा तांब्यातलं पाणी आंब्याच्या पानाने शिंपडतात. वर्षातून तेवढा एक दिवस हिला आराम. एरवी बंद करायची नाही हा सबनीस सरांचा नियम, रिपोर्ट थांबता कामा नये. (सर आमच्या ट्रस्टचे सेक्रेटरी. बँकेतून निवृत्त. इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीचा आवाज.)

आत, पंख्याशेजारी, तांदळाचा एक दाणा. कुंकू लागलेला.

मामांचा चेहरा बघवेना. “पाणी पण उडाला असतला,” एवढंच म्हणाले.

मेमरीची तपासणी दिवसभर चालवली. एकही चूक नाही. पाण्याचा डाग नाही, गंज नाही. तरी खरं सांगू? मलाही तेच वाटलं. बुधवारी पूजा, गुरुवारी दसऱ्याची सुट्टी, शुक्रवारी पहिल्यांदा पडली. कोणालाही तेच वाटेल.

सोम. ६

पडली. सबनीस सर समोर असताना पडली, म्हणजे मुहूर्त बघून.

सर : पूजेनंतरच सुरू झालं ना हे?
मी : हो, पण...
सर : पाणी आणि वीज. अजून काय पुरावा पाहिजे तुम्हाला?

मामांना बोलावलं. बुधवारी १५ला ट्रस्टची मीटिंग आहे. तोपर्यंत घरी बसा, पुढचं तिथे ठरेल. मामांचं काँट्रॅक्ट दिवाळीला संपतं, म्हणजे काय ठरणार ते शेंबड्या पोरालाही कळेल. मामा नुसते “होय साहेब” म्हणाले आणि डबा घ्यायला आत गेले. मी तिथे खांबासारखी उभी.

घरी सासूबाईंनी विचारलं, “काय गो, तोंड असा कित्याक झाला?” सांगितलं. त्यांचं म्हणणं पडलं की देवाच्या पाण्यान काय होणा नाय, त्या सबनिसाचीच दृष्ट लागली असतली. यावर काय बोलणार! पण जेवायला वाढलं आणि समोर बसून राहिल्या. बरं वाटलं. कोजागिरीचं दूध खाली सोसायटीत होतं, गेले नाही.

मंगळ. ७

बाबांचं डायलिसिस याच सेंटरमध्ये झालं. शेवटचं वर्ष. मी तेव्हा इथे नोकरीला नव्हते, नुसती पेशंटची मुलगी. लिफ्ट बंद पडली की मामा त्यांना पाठीवर घेऊन चढायचे आणि वर पोचल्यावर बाबांनाच विचारायचे, “दमलात काय?” बाबा त्या दिवशी हसायचे. एरवी डायलिसिसच्या दिवशी ते कोणाशी धड बोलायचे नाहीत, माझ्याशीही.

हे मी मामांना कधी बोलले नाही. थँक्यू म्हटलं असेल, येताजाता. तेवढं पुरतं का?

आठ दिवसांत कारण शोधायचं. नाही सापडलं तर मामा गेले. बाकी सगळं नंतर.

शिल्पाला फोन. आम्ही दोघी पहिल्या नोकरीत शेजारी बसायचो, ती आता बोरिवलीत घरूनच मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळते. मी रडगाणं सुरू केलं तर मध्येच, “रडतेस काय गं? डंप कुठाय डंप?”

डंप म्हणजे कोसळताना मेमरीत जे काही होतं त्याची नक्कल. ती साठवायची सोय आधीच करून ठेवावी लागते, त्यासाठी थोडी मेमरी बाजूला राखायची. आमच्याकडे ती कोणी केलीच नव्हती. शिल्पाने दीड तास फोनवर बसून करून घेतली, मध्ये स्वतःच्या मुलाला गणितं पण घातली. देव हिला सुखात ठेवो. तोंड मात्र तसंच आहे.

बुध. ८

पडली. डंप रिकामा! शून्य!!

शि. : किती जागा ठेवलीस?
मी : तू म्हणालीस तेवढी.
शि. : मी जास्त म्हणाले होते. अगं, मरणाऱ्याला मृत्युपत्र लिहायला निदान टेबल तरी दे.

जागा वाढवली. आता परत पडायची वाट बघायची. पाहुण्यांची बघावी तशी बघतेय.

गुरु. ९

पडली! आणि मी टाळी वाजवली. काउंटरवरच्या पोरी माझ्याकडे बघतच राहिल्या. डंप आला, अख्खा.

लाईनमधल्या एका काकांनी विचारलं, “मॅडम, झालं का दुरुस्त?” म्हटलं, नाही काका, पण छान बिघडलंय.

मामांच्या जागी एजन्सीने एक जण पाठवलाय. वाईट नाही. पण व्हीलचेअरचा ब्रेक न लावता फोन घेतो. ओरडले त्याच्यावर. जरा जास्तच ओरडले.

शुक्र. १०

आजचाही डंप मिळाला. दोन्ही शेजारी उघडून बसले. असं वाचायचं असतं : अमक्याने तमक्याला हाक मारली, तमक्याने ढमक्याला, आणि ढमक्यापाशी येऊन म्हातारी गेली. दोन्हीत ढमक्या एकच. तीच जागा, तोच पत्ता.

कोण, तर आमच्या जुन्या वायरींच्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड आणि कर्नल यांच्यातला दुभाषा प्रोग्रॅम. लॅबमधली रक्त तपासायची दोन यंत्रं त्या कार्डाला जोडलेली आहेत, त्यांचे आकडे त्यातून म्हातारीकडे येतात. म्हणून सकाळीच पडते ही! सकाळी दोन्ही यंत्रं एकदम बोलायला लागतात.

आणि मुख्य म्हणजे, पाणी गेलं असतं तर आज इथे, उद्या तिथे, अशी कुठेही मेली असती. रोज त्याच पायरीवर कोण कसं घसरेल? म्हणजे मामांचा संबंध नाही. खुर्चीतून उठून सरांना फोन लावला.

सर शांतपणे ऐकून म्हणाले, “ते कार्ड किती वर्षं आहे?”

“बरीच वर्षं, सर.”

“ड्रायव्हर तोच?”

“तोच.”

“मग नवमीआधी का नाही पडलं?”

फोन ठेवला. माणूस बरोबर बोलतो तेव्हा जास्त राग येतो.

शनि. ११

संध्याकाळी भांडुपला मामांकडे गेले. टेकडीवर, रिक्षा अर्ध्यात सोडते. मामींनी घावणे आणि चहा. नको म्हणायची सोयच नव्हती.

मामा बारीक वाटले. मी डंप, ड्रायव्हर, सगळं समजावलं, तुमचा दोष नाही म्हटलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पण ताई, पाणी मी शिंपडलंय ना? ह्या माझ्याच हातान.”

मामी आतून, “आता मिक्सर लावायला सांगितला तरी म्हणतात, तू लाव. माझ्या हातून बिघडेल.”

मला वाटलं होतं नोकरीची काळजी असेल. तीही आहेच. पण या माणसाला खरंच वाटतंय की आपण बिघडवली, आणि लोकांचे रिपोर्ट अडकले ते आपल्यामुळे. सर काही वाईट बोलले असतील त्यापेक्षा हे वाईट आहे. नुसतं ‘तुमचा दोष नाही’ म्हणून चालणार नाही, ‘का नाही’ ते हातात ठेवावं लागेल.

निघताना बाबांचं बोलले. पाठीवरचं. मामा म्हणाले, “हलके होते वो ते.” मला रडू आवरेना. मामींनी पाणी दिलं.

रवि. १२

सापडलं! सापडलं! सापडलं!

डंपच्या अगदी वरती कर्नलच्या आवृत्तीचा आकडा छापून येतो. चार दिवस डोळ्यांसमोर आहे, वाचला आज. ओळखीचा वाटेना. हा नवा कर्नल आत आला कधी? नोंदी काढल्या. आषाढात. बाहेरची सुरक्षा तपासणीवाली मंडळी आली होती, त्यांनी सगळे अपडेट घालून ठेवले आणि ‘पुढच्या रिस्टार्टला लागू होईल’ म्हणून निघून गेली. पुढचा रिस्टार्ट कधी? आपल्याकडे बंद करायचीच नाही ना! नवा कर्नल डिस्कवर आणि जुना मेमरीत, म्हातारी आपली जुन्यावरच चालत राहिली, थेट खंडेनवमीपर्यंत. त्या दिवशी पूजेसाठी बंद केली. परत चालू झाली ती नव्या कर्नलवर. जुना ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी आपोआप परत तयार झाला होता, तक्रार न करता, पण आतून जुळला नव्हता.

म्हणजे पाण्याने नाही. आरामाने.

शिल्पाला फोन केला, किंचाळलेच. ती म्हणाली, “झकास. आता सिद्ध कर. तुझ्या सरांना गोष्ट नको, पडताना दाखव.”

लॅबच्या रेश्माला विचारलं, रविवार आहे, येतेस का? घाटकोपरहून आली, बिचारी. भाचीचं बारसं अर्धं टाकून, केसांत गजरा तसाच. तिने दोन्ही यंत्रांतून जुन्या नमुन्यांचे आकडे एकदम पाठवले. नवा कर्नल : पडली. परत : पडली. मग जुना कर्नल लावला, तेच आकडे, तेवढेच, एकदम. नाही पडली. चारदा पाठवले. ढिम्म. मग परत नवा. पडली.

रेश्मा म्हणाली, “वैशालीताई, आता म्हातारीला सोडा.” सोडली. दोघींनी कोपऱ्यावरच्या टपरीवर वडापाव खाल्ला. इतका चांगला वडापाव मी खाल्ला नव्हता. तिला तसं सांगितलं, तर म्हणे, थंड होता की.

सोम. १३

जुन्या कर्नलवर ठेवली. सोमवारची एवढी गर्दी, पण म्हातारीने हूं की चूं केलं नाही. काउंटरवर शांतता. मला सारखं वाटतंय आता पडेल, आता पडेल.

ज्या लोकांनी हा ड्रायव्हर लिहिला त्यांच्या मेलिंग लिस्टवर काल सगळं टाकलं होतं, डंपातल्या ओळींसकट. आज एकाचं उत्तर. नावावरून कुठला देश कळेना. लिहितो : वायर बंद होत असताना आकडे आले की हे होतं, तुमची माहिती नीट होती म्हणून लगेच दिसलं, दुरुस्ती पाठवतो. पगार नाही, ओळख नाही. मुलुंडमधल्या एका लॅबची साखर मोजली जावी म्हणून हा माणूस त्याचा सोमवार घालवतोय. मी त्याला लांबलचक आभार लिहिले, मग निम्मे खोडले.

मंगळ. १४

नाही पडली.

उद्याची तयारी. शि. म्हणते फक्त तीन वाक्यं बोल. मला तीन वाक्यांत भाजीसुद्धा मागता येत नाही.

बुध. १५

मीटिंग. चार ट्रस्टी, सबनीस सर, चहा, खारी. मी लॅपटॉप उघडून रविवारचं दाखवलं. नवा, पडते. जुना, नाही पडत. डॉक्टर ट्रस्टींना लगेच कळलं, बाकीच्यांनी मान हलवली.

सरांनी चष्मा काढला, पुसला. मग म्हणाले, “म्हणजे आषाढातच एखाद्या रविवारी बंद करून चालू केली असती, तर तेव्हाच कळलं असतं?”

“हो सर.”

“आणि बंद करायची नाही हे माझं.”

“हो सर,” म्हटलं. मला त्या क्षणी ते आवडले, हे लिहून ठेवते कारण उद्या परत आवडणार नाहीत. दुसरा कोणी असता तर अपडेटवाल्यांवर ढकलून मोकळा झाला असता. यांनी सगळ्यांसमोर स्वतःचं नाव घेतलं.

ठरलं : महिन्यातून एकदा, रविवारी, रिस्टार्ट. मामांचं काँट्रॅक्ट चालू. एक ट्रस्टी म्हणाले, पूजा तरी बंदच करा, उगाच ताप. सर म्हणाले, “ते गावकरांना विचारून ठरवू.” आणि मग, “मी स्वतः फोन करतो त्यांना.”

जीव भांड्यात पडला. घरी सासूबाईंनी साखर ठेवली हातावर. “मी सांगलंय नाय?” हो आई, सांगितलंत. तुमची दृष्टवाली थिअरी निम्मी बरोबर निघाली.

गुरु. १६

सरांनी माझ्याच टेबलावरून फोन लावला, स्पीकरवर. मला वाटतं त्यांना एकट्याने करायचा नव्हता.

“गावकर, सबनीस बोलतोय. तुमची काही चूक नव्हती. मशीनमध्ये वेगळाच दोष होता, वैशालीबाईंनी शोधून काढला. मी घाई केली. तुम्ही सोमवारपासून या.”

पलीकडे कुकरची शिट्टी. मामी काहीतरी विचारतायत, मामा त्यांना थांब म्हणतायत. मी मनात आधीच ‘होय साहेब’ ऐकलं होतं. सरांनीही ऐकलं असणार, हात फोन ठेवायला निघालाच होता.

“विचार करून सांगतो, साहेब.”

सर माझ्याकडे बघायला लागले. “बरं. बरं, करा,” म्हणाले. फोन बंद झाल्यावरही तो हातातच धरून बसले. मग म्हणाले, “असं कधी बोलले नव्हते ते.”

“कधीच नाही, सर.”

काय वाटलं मला? आधी धस्स झालं. एवढं सगळं केलं ते यासाठी का? मग हळूहळू, काय सांगू, फार बरं वाटलं. मामांसाठी. आणि परत धस्स.

शुक्र. १७

वसुबारस. सेंटरच्या दारात रांगोळी काढली पोरींनी. म्हातारी ठीक. दुरुस्त ड्रायव्हर मेलने आला, त्या अनोळखी माणसाने पाठवला. रविवारी रेश्मा आणि मी लावून बघू. तिने स्वतःहून विचारलं, केव्हा येऊ.

मामांचा फोन नाही. मी दोनदा नंबर काढला आणि ठेवला. त्यांनी विचार करायला वेळ मागितलाय, मी मध्ये कशाला कडमडू? पण काल रात्रीपासून डोक्यात तेच. आले नाहीत तर? पाण्याचं ते कोडं मी सोडवलं, पण त्या सोमवारी सगळ्यांसमोर डबा उचलून निघावं लागलं, त्याचं काय? ते कुठल्याच डंपात येत नाही.

दुपारच्या पाळीला जोशी आजोबा. डायलिसिसचे आमचे सगळ्यात जुने पेशंट. वजनकाट्यावर चढताना एजन्सीच्या माणसाचा हात झटकला आणि मला हाक मारली.

“गावकर कधी येतोय?”

येतील सोमवारी, असं तोंडावर आलं होतं. नाही म्हटलं. “बोलावलंय त्यांना, आजोबा. विचार करून सांगतो म्हणालेत.”

आजोबांनी वाकून काट्यावरचा आकडा वाचला. मग म्हणाले, “करू दे की. निवांत करू दे. आम्ही काय, एक दिवसाआड इथेच आहोत.”